अन्न सुटलेल्या रोग्याची निगा

आजारी माणसाच्या समाचाराला गेलो की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय, जेवण जातं का?" जेवण जाऊ लागले म्हणजे माणूस सुधारला, अशी आपली साधी खूण. बहुतेक दुखण्यांत ती खरीही ठरते. पण एक आजार असा आहे की, ज्यात जेवण सुटणे हेच मूळ दुखणे असते. आणि जेवण पुन्हा सुरू होते ते पहिले आठ-दहा दिवस फार नाजूक असतात. त्या आजाराविषयी, आणि त्या रोग्यावर नजर कशी ठेवावी याविषयी, आज मी आपल्याशी चार गोष्टी बोलणार आहे.

वैद्यकात या आजाराला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' म्हणतात. नाव अवघड आहे, आणि थोडे फसवेही आहे. नावाचा अर्थ 'भूक नसणे' असा होतो. पण या रोग्याची भूक बहुधा मेलेली नसते. भूक असते, आणि तिच्याशी त्याची रात्रंदिवस झुंज चाललेली असते. वजन वाढेल ही धास्ती, अन्नावर ताबा ठेवण्याचा अट्टाहास, आणि हाडे दिसू लागली तरी 'मी बरी आहे' ही खात्री, अशा तीन दोरांनी माणूस बांधला जातो. हा आजार बहुतेक वेळा तेरा-चौदा ते विशीच्या आसपास सुरू होतो. मुलींत जास्त, पण मुलांतही होतो. ठरावीक वजनी गटात बसण्यासाठी पोट मारणारा कुस्तीचा पठ्ठ्या, किंवा धावण्यासाठी अंग हलके करू पाहणारा तरुण, यांच्याकडेही म्हणूनच लक्ष असावे.

आता कोणी म्हणेल, "डॉक्टर, हे शहरातल्या लोकांचे चोचले. आमच्याकडे खायला मिळावं म्हणून माणसं राबतात, टाकायला कोण बसलंय?" प्रश्न रास्त आहे. गरिबीमुळे होणारी उपासमार वेगळी, आणि हा आजार वेगळा. पण हा आजार गाव, जात, पैसा पाहून घरात शिरत नाही. खेड्यात तो ओळखू येत नाही, कारण तो ओळखीचे कपडे घालून येतो. पोरगी सोमवार धरते, मग गुरुवार धरते, मग चतुर्थी. तेलकट नको, गोड नको, भात नको. शेवटी भाकरीचा चतकोर उरतो, आणि त्यातलाही अर्धा मांजरापुढे जातो. घरचे आधी कौतुक करतात : पोर किती देवभोळी, किती काटक! अशा मुली कित्येकदा 'मला जाड व्हायचं नाही' असे म्हणतही नाहीत. पोट जड वाटतं, घास उतरत नाही, भूकच नाही, एवढेच सांगतात. श्रोतेहो, उपास आणि हा आजार यांतला फरक ओळखायची एक खूण सांगतो. उपासाला पारणे असते. या उपासाला पारणे नसते.

अर्थात, अन्न जात नाही म्हणजे हाच आजार, असे घरबसल्या ठरवू नये. क्षय, मधुमेह, थायरॉइडचे विकार, आतड्याचे रोग यांतही वजन उतरते. डॉक्टरांकडून ते आधी तपासून घ्यावे.

हा रोग काही आजकालचा नाही. रिचर्ड मॉर्टन नावाच्या इंग्रज वैद्याने १६८९ साली क्षयावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने फुप्फुसांचा क्षय नसतानाही, केवळ मनाच्या व्यथेने अन्न सुटून झिजलेल्या एका तरुणीची हकीकत दिली आहे. तिने औषधे नाकारली आणि तीन महिन्यांत ती गेली. पुढे १८७३ साली पॅरिसचे लासेग आणि लंडनचे सर विल्यम गल या दोघांनी या रोगाचे नीट वर्णन केले. 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव गल यांचे. गल यांच्याकडे १८६६ साली एक सतरा वर्षांची मुलगी आली होती. वजन ८२ पौंड, म्हणजे सुमारे ३७ किलो. नाडी मिनिटाला ५६, श्वास मिनिटाला १२. ऊब, विश्रांती आणि ठरलेल्या वेळी अन्न, असा उपचार चालू राहिला. दोन वर्षांनी तिचे वजन १२८ पौंड, म्हणजे ५८ किलोंच्या आसपास भरले. त्या काळी ना रक्ताच्या चाचण्या होत्या, ना हृदयाचा आलेख. तरी त्या डॉक्टरांनी नाडी मोजली, श्वास मोजला, अंगाची ऊब पाहिली, वजन टिपून ठेवले. आजही देखरेखीचा पाया तोच आहे.

हे सारे का मोजायचे, ते आता पाहू. दुष्काळाच्या साली आपण घरात काय करतो? आधी सणवार आखडते घेतो, मग कपडालत्ता, मग एक वेळची चूल. शरीरही तेच करते. अन्न येईनासे झाले की ते काटकसर सुरू करते. हातपाय गार पडतात. मुलीची मासिक पाळी थांबते. केस गळतात, आणि अंगावर मात्र बारीक लव उगवते. बद्धकोष्ठ होतो. हाडे ठिसूळ होऊ लागतात. आणि हाडांची पुंजी साठवण्याचे वय नेमके हेच असते, म्हणून तेव्हाची तूट पुढे पुरती भरून येईलच असे नाही. शेवटी काटकसर हृदयापर्यंत पोहोचते. हृदय हाही एक स्नायूच आहे. तो बारीक होतो, संथ चालतो, आणि एखाद्या दिवशी ताल चुकतो. मानसिक आजारांत ज्यांनी सर्वांत जास्त माणसे दगावतात, त्यांत या आजाराची गणना होते. काही हृदय थांबून जातात, काही जिवाला कंटाळून. म्हणून 'वयाचं खूळ आहे, आपोआप जाईल' असे म्हणून थांबू नये.

उपासमार मनालाही कशी वाकवते, याचा एक पुरावा सांगतो. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात आन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस धडधाकट तरुणांवर, त्यांच्या संमतीने, एक प्रयोग केला. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ पाव हिश्शाने उतरले. मूळचे शांत तरुण चिडके झाले, एकलकोंडे झाले. दिवसभर अन्नाचाच विचार. एकेक जेवण तासभर चघळत बसायचे. पाककृतींची पुस्तके वाचायचे. यांतल्या कोणालाही हा आजार नव्हता. फक्त उपासमार होती. तेव्हा घरातली पोरगी खेकसते, ताटाशी तास-तास बसते, दुसऱ्यांना आग्रह करकरून वाढते आणि स्वतः खात नाही, यात तिचा हट्ट किती आणि उपाशी मेंदूचा खेळ किती, याचा विचार करा. रागावण्याने उपाशी मेंदू शहाणा होत नाही. त्याला आधी अन्न लागते. समजुतीच्या गोष्टी त्यानंतर पटतात.

आता देखरेखीकडे येऊ.

पुष्कळांना वाटते की, वजनकाटा ठेवला की काम झाले. वजन मोजायलाच हवे. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी, हलक्या कपड्यांत, लघवीला जाऊन आल्यावर मोजावे. पण काटा एकटा खरे सांगतोच असे नाही. भीतीपोटी रोगी काट्यावर चढण्याआधी लोटाभर पाणी पितो, खिशात नाणी ठेवतो. पायावर सूज आली तरी वजन वाढलेले दिसते. शिवाय मूळचा अंगाने भरलेला मुलगा भराभर दहा-पंधरा किलोंनी उतरला, तर दिसायला तो ठीक दिसतो; आतून मात्र त्याचे हृदय तितकेच थकलेले असू शकते. म्हणून वजनाबरोबर आणखी चार गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, नाडी. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी बोटे ठेवा आणि घड्याळ धरून पुरता एक मिनिट मोजा. जागेपणी शांत बसलेल्या मुलाची नाडी ५० च्या खाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ४० च्या खाली असेल, तर सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. कोणी म्हणेल, 'पळणाऱ्यांची नाडी मंदच असते.' खरे आहे. पण खाऊन-पिऊन कसलेल्या धावपटूचे गोष्ट वेगळी, आणि अन्न सोडलेल्या मुलाची वेगळी.

दुसरी, रक्तदाब. तो आधी रोग्याला पाच मिनिटे आडवे निजवून घ्यावा, मग उभे करून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा घ्यावा. वरचा आकडा वीसपेक्षा अधिक घसरला, किंवा उभे राहताच नाडी तीस-चाळीस ठोक्यांनी उसळली, तर शरीराचा तोल सुटत चालला असे समजावे. प्रार्थनेला उभी असताना घेरी येणारी मुलगी हेच सांगत असते.

तिसरी, अंगाची ऊब. ताप जास्त झाला की आपण धावपळ करतो. ऊब कमी झाली तर कोणी पाहत नाही. थर्मामीटरचा आकडा ९६ अंश फॅरनहाइटच्या खाली राहू लागला, तर तोही धोक्याचाच इशारा.

चौथी, अंगातला जोर. इंग्लंडमधले डॉक्टर यासाठी एक सोपी चाचणी करतात. रोग्याला उकिडवे बसवतात आणि हात न टेकता उठायला सांगतात. सपाट निजवून, हाताचा आधार न घेता उठून बसायलाही सांगतात. आपल्याकडे उकिडवे बसणे रोजचेच. जी पोर काल-परवापर्यंत चुलीपुढून टुणकन उठत होती, ती आज गुडघ्यावर हात रेटून उठू लागली, तर स्नायू झिजले आहेत हे ओळखा.

याखेरीज डॉक्टर हृदयाचा आलेख, म्हणजे ई. सी. जी., काढतील आणि रक्त तपासतील. रक्तातली साखर, पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट हे क्षार पाहतील. खाल्लेले चोरून ओकून काढणाऱ्या किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणाऱ्या रोग्याचे पोटॅशियम एकदम घसरते, आणि हृदयाचा ताल त्यावर अवलंबून असतो. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : रक्ताचा कागद चांगला आला म्हणजे धोका टळला, असे नाही. शरीर शेवटपर्यंत रक्तातला हिशेब जुळवून दाखवते. तिजोरी रिकामी झाल्यावरच तो एकाएकी कोसळतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. शेतकरी बंधूंना हे पटकन उमजेल. दुष्काळात हाडे वर आलेल्या बैलापुढे कोणी एकदम धान्याची पाटी ठेवत नाही. ठेवली तर बैल फुगतो, दगावतो. त्याला आधी थोडी वैरण, मग हळूहळू खुराक. माणसाच्या शरीरातले कारण वेगळे आहे, पण धडा तोच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या सुमारास, छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना लोकांनी मायेने पोटभर खाऊ घातले. त्यांतले कित्येक अन्न मिळाल्यावर मेले. काय झाले? उपाशी शरीर चरबीवर आणि स्नायूंवर कसेबसे चालत असते. त्यात एकदम भात, गूळ, साखर आली की इन्सुलिन स्रवते. ते साखरेला पेशींत ओढते, आणि तिच्याबरोबर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमही आत ओढले जातात. साठा आधीच आटलेला. रक्तात होते तेवढेही गेले. मग पायाला सूज येते, धाप लागते, भ्रम होतो, हृदय अडखळते.

म्हणून पाच दिवसांहून अधिक काळ ज्याने जवळजवळ काही खाल्लेले नाही, किंवा ज्याचे वजन फारच उतरले आहे, त्याला घरच्या घरी खुराक चालू करू नका. रुग्णालयात न्या. तिथे आधी ब-१ जीवनसत्त्व देतात, मग बेताने अन्न सुरू करतात. पहिला आठवडा-दहा दिवस रक्तातले क्षार वरचेवर पाहतात, लागले तर भरून देतात, आणि मग अन्न वाढवत नेतात.

इथे आपल्या गावाकडच्या एका सवयीबद्दल बोलले पाहिजे. 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' असा आग्रह आपण धरतो. त्या बाटलीत बहुधा ग्लुकोज, म्हणजे साखर असते. दीर्घकाळ उपाशी असलेल्या रोग्याच्या शिरेत तपासणीशिवाय साखर सोडणे म्हणजे त्याच बैलापुढे धान्याची पाटी ठेवणे. रक्तातली साखर फार उतरली असेल, तर डॉक्टर ती देतीलच, द्यायलाच हवी. पण ते ब-१ जीवनसत्त्वाची आणि क्षारांची काळजी घेऊन देतील. तेव्हा बाटलीचा आग्रह तुम्ही धरू नका. 'डॉक्टर, हिनं पंधरा दिवस काही खाल्लेलं नाही,' हे आधी सांगा.

उलट, याचा अर्थ 'रोग्याला फार खायला घालू नये' असाही कोणी काढू नका. भीतीने आठवडेच्या आठवडे तुटपुंजे अन्न दिले, तर रोगी उपासमारीनेच खंगतो. सुरुवात सांभाळून, आणि पुढे भरपूर, हा नियम. रुग्णालयात आठवड्याला अर्धा ते एक किलो, घरी अर्ध्या किलोच्या आसपास वजन वाढत जावे, अशी अपेक्षा असते.

रोगी घरी आला की खरी कसोटी घरच्यांची. गल आणि लासेग यांच्या काळात डॉक्टरांना वाटे की, अशा रोग्याला नातेवाइकांपासून दूर ठेवावे. आज वाढत्या वयाच्या मुलांसाठी नेमके उलटे सांगतात. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० नंतर जी पद्धत घडली, तीत आईबापांनाच उपचाराचे भागीदार करतात. ताटात काय आणि किती, हे काही महिने आईबापांनी ठरवायचे. मुलीशी वाटाघाटी नाहीत आणि तिला दोषही नाही. तीन वेळचे जेवण आणि मधली दोन-तीन खाणी, ठरलेल्या वेळी. जेवताना कोणीतरी शेजारी बसावे, आणि जेवणानंतर तासभर सोबत असावी, म्हणजे ओकायला जायची संधी मिळत नाही. बोलणे शेतीचे, शाळेचे, शेजारपाजारचे करावे. भाकऱ्या मोजू नयेत. 'एवढंसं खाल्लंस?' हे जितके लागते, तितकेच 'आता कशी छान भरलीस!' हेही लागते. 'अंग बाळसं धरतंय' हे आपले कौतुक, पण रोग्याच्या कानाला ते भीतीचे वाटते. त्याऐवजी 'आज तरतरी दिसतेय तुला' म्हणा.

लग्न लावले की सगळे सुरळीत होईल, हा सल्ला देऊ नका आणि ऐकूही नका. झिजलेल्या शरीरावर बाळंतपणाचे ओझे टाकणे आईला आणि बाळाला दोघांनाही घातक. बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यातही मोलाचे दिवस जातात. देवाला नमस्कार जरूर करा. पण आधी एस. टी. पकडून दवाखाना गाठा.

आता शिक्षकांसाठी थोडे. गुरुजी, बाई, या रोगाची पहिली पावले कित्येकदा घरापेक्षा शाळेत आधी दिसतात. डबा न उघडता परत जाणारी, जेवणाच्या सुट्टीत कोपरा धरणारी, चैत्राच्या उन्हात स्वेटर घालणारी, कवायतीत घेरी येणारी मुलगी बहुधा वर्गातली हुशार, शिस्तीची, एक गुण गेला तरी रडणारी असते. तिच्याबद्दल तक्रार नसते, म्हणून तिच्याकडे लक्षही जात नाही. तिला वर्गासमोर काही विचारू नका. एकटीला बसवून 'तू थकलेली दिसतेस, मला काळजी वाटते' एवढेच म्हणा, आणि मग घरच्यांना भेटा. नाडी मंद असेल तोवर कबड्डी, खो-खो, धावणे बंद. ही शिक्षा नाही, प्लास्टर घातलेल्या पायाला देतो तशी विश्रांती आहे, असे तिला आणि खेळाच्या सरांना सांगा. आरोग्य तपासणीत मुलांची वजने मोठ्याने वाचू नका, आणि वर्गात 'जाड्या', 'सुकट' ही नावे चालू देऊ नका. साधी थट्टा एखाद्याच्या मनात काट्यासारखी रुतून बसते.

मदत कुठे मिळेल? आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही पहिली पायरी. नाडी, रक्तदाब, वजन तिथेच होते. पुढे ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय. तिथे फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांचीही गाठ घ्या, कारण हा आजार दोघांनी मिळून सांभाळायचा असतो. शासकीय आणि अनुदानित शाळांत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके मुलांची तपासणी करतात. त्यांच्या कानावर शंका घाला. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो, आणि मराठीत बोलता येते. रोगी 'जगण्यात राम नाही' असे बोलू लागला, तर मात्र उद्यावर टाकू नका.

हा आजार लवकर हटत नाही. महिने जातात, कधी वर्षे जातात. वजन भरले तरी मनातली भीती मागे रेंगाळते, म्हणून तपासणीच्या फेऱ्या मध्येच सोडू नका. पण पुष्कळ रोगी पुरते बरे होतात, शिकतात, संसार करतात. जितक्या लवकर ओळखू, तितकी वाट सोपी.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. काट्याबरोबर नाडीही मोजा. रक्ताच्या एका चांगल्या कागदावर विसंबू नका. फार दिवसांच्या उपाशी माणसाला घाईने खाऊ घालू नका, सलाईनचा हट्ट धरू नका, आणि डॉक्टरांपासून उपासाचे दिवस लपवू नका. रागाला थोडी विश्रांती द्या, ताटाशेजारी मात्र रोज बसा.